पेन्सिलीने लिहिलेला तक्ता

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन रिलीज झाले, मुलाची परीक्षा झाली, एकदा लॅपटॉपच्या कीबोर्डवर चहा सांडून झाला. असो. आज लिहायचंय ते माझ्या मामाच्या वहीबद्दल. म्हणजे खरं तर फुटबॉलबद्दल, पण वहीशिवाय ती गोष्ट सांगता येणार नाही.

मामा दोडामार्गचा. ज्यांना दोडामार्ग ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सिंधुदुर्ग जिल्ह्याचं शेवटचं टोक, तालुका झाला १९९९ मध्ये. बाजारपेठेतून बाहेर पडलात की चेकपोस्ट, आणि चेकपोस्टच्या पलीकडे गोवा. एक रस्ता डिचोलीला जातो, एक अस्नोड्यावरून म्हापशाला. इकडची माणसं पेट्रोल भरायला तिकडे जातात, नोकरीला तिकडे जातात, आजारी पडली की बांबोळीला तिकडेच जातात. झोपायला आणि मत द्यायला तेवढी इकडे येतात. मामाने तीस वर्षं म्हापशात एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिले. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. खिळे, बिजागऱ्या, पत्रे, आणि सामना असेल त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर धुळेरच्या स्टेडियमवर चक्कर. तिथेच त्याला फुटबॉल लागलं. ताप लागतो तसं.

आमच्याकडे सिंधुदुर्गात बाकी सगळीकडे क्रिकेट. मे महिन्यात वाडीवाडीत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा, लाउडस्पीकरवर कॉमेंट्री. मामाला त्यात कणभर रस नाही. त्याचा देव म्हणजे डेंपो. आणि तेही अशा काळातलं डेंपो, की देव मानायला फारशी श्रद्धा लागत नव्हती! आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली. पहिल्या सहा हंगामांचे विजेते सांगतो: डेंपो, चर्चिल ब्रदर्स, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्स. सहाच्या सहा गोव्याचे. साठेक किलोमीटर रुंदीच्या राज्यातून देशाचा विजेता सहा वेळा निघाला, आणि उरलेल्या देशाला त्याचा पत्ताही नव्हता. २०११-१२ च्या मोसमात डेंपोच्या रँटी मार्टिन्सने ३२ गोल मारले होते. मामाच्या वहीत ते ३२ च्या ३२ गोल मिनिटांसकट आहेत.

आता वही. दुकानातली जुनी खतावणी, लाल कापडी पुठ्ठ्याची. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, अशा आखलेल्या पानांवर मामा पॉइंट टेबल लिहितो. खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, गोल केले, गोल खाल्ले, गुण. गोल खाल्ले हा कॉलम तो 'नावे'च्या बाजूला घेतो. मी इंजिनिअर झालो तेव्हा मला ते विनोदी वाटायचं. आता वाटतं की डेटा मॉडेल म्हणून काही वाईट नाही :)

२०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. नवी लीग आली होती, पैसा तिकडे वळला होता, आणि आय-लीग दुय्यम होणार हे तोपर्यंत दिसायला लागलं होतं. मामाच्या वहीत तिथे एक पान कोरं आहे, आणि पुढे राष्ट्रीय तक्ताच नाही. फक्त गोव्याची लीग. चर्चिलवाले पुढेही आय-लीगमध्ये खेळत राहिले, पण चर्चिलसाठी मामा शाई कशाला वाया घालवेल? डेंपोवाला माणूस तो. चर्चिलला तो जन्मभर शिव्या घालत आला. २०२३-२४ मध्ये डेंपो खालच्या आय-लीग टू मध्ये दुसरं आलं, वर चढलं, आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी मामाने पुन्हा बारा संघांचा तक्ता आखला. डेंपोचा प्रशिक्षक कोण, तर समीर नाईक, जो स्वतः त्या सुवर्णकाळात डेंपोच्या बचावफळीत होता. मामाला तर घरचंच माणूस परत आल्यासारखं झालं.

इथे जरा आडवळण घेतो. अशा दुसऱ्या दर्जाच्या, कोणी बघत नाही अशा लीगचा शेवट जिवावर उदार होऊन बघणारी माणसं फक्त आमच्याकडेच असतात असं मला पूर्वी वाटायचं. २०१२ मध्ये मी ऑनसाइट मिनियापोलिसला होतो. शेजारच्या क्युबिकलमध्ये एक पन्नाशीचा सहकारी बसायचा. नोव्हेंबर आला की तो शनिवारी पहाटे उठून शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब कॉलेजव्हिल नावाच्या गावाला जायचा. तिथे सेंट जॉन्स म्हणून लहानसं कॉलेज आहे, त्याचा फुटबॉल संघ बघायला. (फुटबॉल म्हणजे त्यांचं, हातात बॉल घेऊन पळायचं.) ही कॉलेजं तिसऱ्या डिव्हिजनमधली. खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, पुढे बहुतेक जण हिशेबनीस नाहीतर मास्तर व्हायचे. आसपासच्या अशाच कॉलेजांची मिळून एक कॉन्फरन्स. सेंट जॉन्सचे प्रशिक्षक जॉन गॅलियार्डी १९५३ पासून तिथे होते, आणि मी तिथे असतानाच, २०१२ च्या हंगामानंतर, निवृत्त झाले. ४८९ विजय. सरावात शिट्टी नाही, अंगावर आदळणं नाही, आणि मुलांनी 'कोच' म्हणायचं नाही, 'जॉन' म्हणायचं. सहकाऱ्याने एकदा मला ओढून नेलं. हाडं गोठवणारी थंडी, आणि माझ्या शेजारची आजी मांडीवर ब्लँकेट घेऊन दुसऱ्या मैदानावरच्या सामन्याचा स्कोअर ट्रान्झिस्टरवर ऐकतेय! कारण आपण जिंकलो तरी 'ते' हरल्याशिवाय उपयोग नाही. मला एकदम मामा आठवला.

त्या सहकाऱ्याची २०१९ च्या मे महिन्यात मेल आली. त्यांच्या कॉन्फरन्समधून सेंट थॉमस या कॉलेजला बाहेर काढलं होतं. म्हणजे सेंट जॉन्सचा पिढ्यान् पिढ्यांचा वैरी. कारण? ते फार मोठे झाले, फार जिंकतात, बाकीच्यांना झेपत नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी एका संघाला ९७-० हरवलं होतं. मला वाटलं हा माणूस खूश असेल. छे! मेलमध्ये एवढंच होतं की आता मी द्वेष कोणाचा करू. ही मेल मी मामाला मालवणीत करून सांगितली होती. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "माका समाजता त्याचा."

तर २०२४-२५ चा हंगाम. प्रत्येक संघाचे २२ सामने. शेवटची फेरी रविवारी, ६ एप्रिल २०२५ ला. त्या दिवशी रामनवमी. मी सुट्टी जोडून दोडामार्गला गेलो होतो, काजूच्या नावाखाली. एप्रिलमध्ये गावात दुसरा विषय नसतो: बी किती निघाली, दर काय फुटला, हत्ती कुणाच्या बागेत आले. अंगणात बी वाळत घातलेली, परड्यात बोंडवांचा आंबूस वास. मामी देवळातून यायची होती. ओट्यावर मामा, मी, माझा फोन, मामाचा फोन, आणि मामेबहिणीचा जप्त केलेला फोन. सामने तीन होते ना!

शेवटच्या फेरीआधी गुण असे: चर्चिल ३९, गोकुलम केरळ ३७, इंटर काशी ३६, रिअल काश्मीर ३६. चर्चिलचा सामना श्रीनगरला, रिअल काश्मीरच्याच घरात. गोकुलमचा कोझिकोडला, समोर कोण, तर आमचं डेंपो. इंटर काशी म्हणजे वाराणसीचा संघ, त्याचा सामना राजस्थान युनायटेडशी. जो पहिला येईल तो वरच्या लीगमध्ये, आयएसएलमध्ये जाणार. त्यामुळे नुसता चषक नव्हता, क्लबच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न होता.

आदल्या रात्री मी पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला होता. तीन सामने, प्रत्येकाचे तीन निकाल, म्हणजे २७ शक्यता, प्रत्येक शक्यतेत पहिलं कोण. सकाळी मोठ्या ऐटीत मामाला दाखवला. मामाने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "आणि नामधारीचा काय?"

माझी ट्यूब पेटली ती तेव्हा. २७ नव्हे, ५४.

नामधारी हा पंजाबातला संघ. १३ जानेवारीला त्यांनी इंटर काशीला २-० हरवलं होतं. पण त्या सामन्यात नामधारीने उतरवलेला एक परदेशी खेळाडू पिवळ्या कार्डांमुळे निलंबित होता अशी काशीची तक्रार होती. लीगमध्ये चार पिवळी कार्डं झाली की पुढचा एक सामना बाहेर बसायचं असतं. महासंघाच्या शिस्त समितीने फेब्रुवारीत निकाल दिला: सामना काशीचा, ३-०. नामधारी अपिलात गेले, अपील समितीने निकालाला स्थगिती दिली. म्हणजे सहा एप्रिलला, लीगच्या शेवटच्या दिवशी, जानेवारीतल्या एका सामन्याचा निकाल ठरलेला नव्हता! तीन गुण हवेत लोंबकळत होते. माझ्या प्रोग्रामने ते वेबसाइटवरच्या तक्त्यातून जसेच्या तसे, २-० म्हणून, उचलले होते. मामाच्या वहीत तेरा जानेवारीच्या ओळीपुढे पेन्सिलीने एक गोल होता आणि गोलात प्रश्नचिन्ह. तीन महिने ते तिथे होतं.

वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर 'पेंडिंग' अशी एक अवस्था असते हे मला काजू वाळवणाऱ्या माणसाकडून शिकावं लागलं. असो.

दुपार कशी गेली ते सगळं सांगत बसत नाही. नेटवर्क दोडामार्गचं, म्हणजे कधी इकडचा टॉवर, कधी गोव्याचा. तीन फोन, तिन्हींवर वेगवेगळ्या मिनिटाला अडकलेलं चित्र. एकावर श्रीनगरचे डोंगर गोठलेले, एकावर कोझिकोडचा घामेजलेला गोलकीपर हवेत. गोकुलमने डेंपोवर आघाडी घेतली तेव्हा मामा उठून बी चाळवायला गेला. डेंपोला त्या सामन्यातून काहीही मिळणार नव्हतं. ना बढती, ना गच्छंतीची भीती. असे संघ शेवटच्या दिवशी पाय ओढत खेळतात हे मामाला चांगलं ठाऊक. पण हे खेळले. एक गोल फिटला, मग अजून एक. शेवटी डेंपो ४, गोकुलम ३! मामा अंगणाच्या मधोमध उभा राहून आरडला, "आमच्यांनी पाडल्यानी गोकुलमाक!" शेजारच्या वाड्यातून कोणीतरी विचारलं, "काय पडला?" त्याला वाटलं हत्तीने माड पाडला.

चर्चिल १, रिअल काश्मीर १. इंटर काशी ३, राजस्थान १.

गुण: चर्चिल ४०, काशी ३९.

म्हणजे ५४ पैकी नेमकी ती ओळ, जिथे मैदानावर सगळं संपलं तरी विजेता ठरत नाही. नामधारीचे गुण काशीला मिळाले तर ४२, नाही मिळाले तर ३९. बाकी कशानेही काही फरक पडणार नाही. पोरं श्रीनगरला मैदानावर उड्या मारत होती, मिठ्या मारत होती, आणि चषक कोणाचा ते कोणालाच माहीत नव्हतं. मामाने शेवटचे आकडे लिहिले. पेन्सिलीने. पहिल्या क्रमांकासमोर नाव मात्र नाही लिहिलं.

मामी प्रसाद घेऊन आली. तिने विचारलं, जिंकलं कोण? आम्ही दोघंही गप्प.

आता खरी गंमत. मामाने चर्चिलसाठी देवाला नारळ बोलला होता. जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यासाठी! मी चिडवलं तर म्हणाला, गोव्याचा कोणीतरी वर जाऊंदे, मग आमचे मागसून जातीत. डेंपोने गोकुलमला पाडलं त्याचा फायदा चर्चिलला झाला, याचंही त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट ते उपकार चर्चिलवाले आता कसे फेडणार, याचा तो हिशेब मांडत बसला होता.

अपील समितीचा निकाल आला १८ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी: शिस्त समितीचा निर्णय रद्द, नामधारीचा विजय कायम. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, महासंघाने चर्चिलला विजेता जाहीर केलं. मी पुण्याहून लगेच फोन लावला.

"मामा, झालं. लिही आता."

"शायेन लिवू?"

"शाईने लिही."

हे माझं वाक्य. मी काही वकील नाही, समितीचा माणूस नाही. पण भाचा कॉम्प्युटरवाला, त्याने सांगितलं म्हणजे नक्की. मामाने शाईचं पेन काढलं, नारळ फोडला, आणि ज्याला त्याला सांगितलं की दहा-बारा वर्षांनी देशाचा चषक परत गोव्यात आला. एप्रिल संपायच्या आत चषक चर्चिलच्या हातात दिलाही गेला. आणि त्याच सुमारास काशीवाले स्वित्झर्लंडला, लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेले, आणि तिथून स्थगिती आली. चषक गोव्यात, निकाल लोझानला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सविस्तर सांगायला वकीलच पाहिजे. १७ जूनला लवादाने नामधारी प्रकरणात काशीच्या बाजूने निकाल दिला. पण मधल्या काळात दुसरं एक लचांड उभं राहिलं होतं: काशीचा मारिओ बार्को नावाचा खेळाडू हंगामात एकदा यादीतून काढून पुन्हा नोंदवला होता, ते नियमात बसतं की नाही. महासंघाच्या समितीने म्हटलं नाही. १८ जुलैला लवादाने म्हटलं बसतं, आणि काशीला विजेता जाहीर करा असा आदेश दिला. काशी ४२, चर्चिल ४०. शेवटचा सामना झाल्यावर एकशे तीन दिवसांनी लीग संपली.

मला त्या दिवशी ऑफिसात बातमी कळली आणि पहिला विचार आला तो वहीचा. शाई. फोन करायचं टाळत राहिलो. रविवारी केला. लावणीचे दिवस, धो धो पाऊस, मामाचा आवाज तुटत होता. त्याला आधीच कळलं होतं. आमचं तेव्हा फोनवरच वाजलं.

माझं म्हणणं असं, आणि ते आजही तेच आहे: निकाल बरोबर आहे. निलंबित खेळाडू उतरवला की सामना जातो. नियम हंगामाआधी लिहिलेला असतो, सगळ्यांनी वाचलेला असतो. तो पाळायचा नसेल तर पिवळं कार्ड दाखवायचं तरी कशाला? चूक होती ती महासंघाच्या वेळापत्रकाची. जानेवारीतल्या सामन्याचा निकाल जानेवारीत लागायला हवा होता. तो लागला असता तर सहा एप्रिलला श्रीनगरला चर्चिल वेगळं खेळले असते. एका बरोबरीवर समाधान मानलं नसतं.

मामाचं म्हणणं: "चर्चिल त्या मॅचीत होतो खंय?"

म्हणजे चूक नामधारीची, फायदा काशीचा, आणि चषक गेला तिसऱ्याचाच. मी म्हटलं, मामा, तक्ता असाच असतो, सगळे एकमेकांना बांधलेले असतात. डेंपोने गोकुलमला पाडलं तेव्हा तुला चाललं ना? यावर तो थांबला आणि मग जे बोलला ते फुटबॉलबद्दल नव्हतं.

माझ्या मामेबहिणीने काही वर्षांपूर्वी गोव्यात एका सरकारी जागेसाठी अर्ज केला होता. शाळा दोडामार्गला, पण पदवी गोव्यातली, कोंकणी अस्खलित. अट होती पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्याची. मामा एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिला. तीस वर्षांच्या पगाराच्या नोंदी घेऊन, दुकानाच्या मालकाची चिठ्ठी घेऊन. समोरचा माणूस वाईट नव्हता म्हणे. त्याने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि समजावून सांगितलं की तुम्ही इथे काम करता, राहत नाही. रहिवास म्हणजे रात्री जिथे असता ते. नियम तसा आहे. आणि खरंच आहे, नियम तसाच आहे. अर्ज परत आला.

"माजे तीस वर्सां म्हापशात गेली," मामा फोनवर म्हणाला. "कागदार मी थंय नव्हतंयच."

पाऊस वाजत होता. मी काही बोललो नाही. नियम बरोबर होता हे मी दोन्ही ठिकाणी म्हणू शकलो असतो, आणि दोन्ही ठिकाणी ते खरं असतं. पण निकाल बरोबर असणं आणि तो अंगावर येणं यात जे काही उरतं ते माझ्या कुठल्या कॉलममध्ये बसत नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, "मामा, शाईने लिही मीच सांगितलं, माझं चुकलं." तो म्हणाला, "मेल्या, शाय माजी होती." आणि लाइन गेली.

चतुर्थीला गावी गेलो. ऑगस्टची अखेर. पहिल्या दिवशी वहीचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर, माटोळीखाली चटईवर पडलो होतो, तेव्हा त्याने खतावणी आणली आणि माझ्यापुढे टाकली. बघ म्हणाला.

पान तसंच होतं. चर्चिलचं नाव पहिल्या क्रमांकावर, निळ्या शाईत. मला वाटलं होतं खाडाखोड असेल, पांढरा रंग लावला असेल, किंवा पान फाडलं असेल. काही नाही. हिशेबनीस माणूस खोडत नाही. खालच्या कोऱ्या जागेत त्याने नवी नोंद घातली होती, दुकानात चुकीचं बिल सुधारताना घालायचा तशी: तारीख १८-७-२५, 'लवादाच्या आदेशान्वये', इंटर काशी जमा ३, एकूण ४२, क्रमांक १. चर्चिल ४०, क्रमांक २. खाली आडवी रेघ आणि मामाची सही. वरची नोंदही वाचता येते, खालचीही. १९ एप्रिलला काय खरं होतं आणि १८ जुलैला काय खरं झालं, दोन्ही एका पानावर.

मंडळी, आमच्या टीमने हेच करण्यासाठी तीन महिने घातलेत. रेकॉर्ड अपडेट करायचं नाही, नवी ओळ घालायची, जुनी तशीच ठेवायची. आर्किटेक्टने त्यावर चाळीस स्लाइड्स केल्या होत्या. त्याला या पानाचा फोटो पाठवायचा मोह झाला, पण मामाने फोटो काढू दिला नाही. सुतकात असल्यासारखं तोंड करून म्हणाला, चर्चिलची शोभा कशाक?

तेरा जानेवारीच्या ओळीपुढचं प्रश्नचिन्ह मात्र त्याने खोडलं होतं. पेन्सिलीचं होतं ना, ते रबराने गेलं होतं. नीट बघितलं तर खूण दिसते.

मग त्याने विचारलं की पुढचा हंगाम कधी. मी मोबाईल काढला. त्या वेळी वरच्या लीगचाच घोळ चालू होता, हक्कांच्या करारावरून ती थांबवून ठेवली होती, कधी सुरू होणार कोणी सांगत नव्हतं. म्हणजे ज्या लीगमध्ये जाण्यासाठी हे एवढं रामायण झालं ती लीगच हवेत. काशीवाले लवादातून जिंकून दारात येऊन उभे, आणि दार बंद! मामाला हे सांगितल्यावर तो इतका हसला की मामी बाहेर आली.

पान उलटलं तर पुढचा तक्ता आखलेला होता. बारा ओळी, सात रकाने, वर '२०२५-२६'. संघांची नावं नाहीत. फक्त एका ओळीत, मधेच कुठेतरी सहाव्या-सातव्या जागी, डेंपो लिहिलं होतं.

"मधेच का रे?" मी विचारलं.

"आरती सुरू जातली, ऊठ," मामा म्हणाला.